पाठकोरा

फलज अल-कबाइलच्या आमच्या कॅम्पात
कॅरमशेजारी एक कॉम्प्युटर आहे.
सोहारच्या ऑफिसने टाकून दिलेला,
तीन खोल्यांत मिळून चाळीस माणसांचा.
पडद्यावर पेंग्विन.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि आत हा बर्फातला पक्षी.
कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

प्रिंटर मात्र सात महिने मेलेला.
परवा दुसरा आला, वापरलेलाच,
संत्र्यांच्या खोक्यातून, अंगाला टॉवेल गुंडाळून,
आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी रिगर. क्रेनच्या आकड्याला दोर अडकवणारा.
पण आयटीआयत असताना सरांच्या प्रिंटरमधून
अडकलेला कागद काढला होता एकदा,
हे मीच कधीतरी फुशारकीत बोलून बसलो होतो.

वायर लावली. दिवा लागला. बास, तेवढंच.
मग काळी खिडकी उघडून हुकूम टाइप केला,
उत्तर आलं:
तुमचं नाव यादीत नाही. हा प्रकार कळवण्यात येईल.
"कुणाला?" दिलबहादुर दचकला. "कॅम्प बॉसला?"
नाही रे, म्हटलं, हा आपला स्वतःशीच कुढतो.
यादीत नाव नसण्याची तशी सवय आहे आम्हाला,
पण कॅरमच्या खोलीतसुद्धा?

पासवर्ड ठाऊक शाजीला.
शाजी मार्चपासून त्रिशूरला, रबराच्या बागेत.
फोन लावला. मागे कोंबडा, भांडी, कुणाचं तरी ओरडणं.
"जेवण सुधारलं का?" त्याने आधी हे विचारलं.
मग म्हणाला, आपल्या बसचा नंबर. उलटा.

पहाटे साडेचारला रोज जिच्यात चढतो
त्या बसचा नंबर
खोलीत एकालाही आठवेना.
दिलबहादुर चपला अडकवून पार्किंगकडे पळाला
आणि तिथूनच आकडे ओरडत आला,
सुलटे.

पुढे ड्रायव्हर. आमचं मॉडेल यादीत नव्हतं,
त्याचा थोरला भाऊ होता.
चालेल, म्हटलं,
भावाच्या कागदांवर इथे माणसंही आलेली आहेत.
जुन्या रांगेचं तोंड नव्या यंत्राकडे वळवलं.
‘थांबलेली’ होती, ती ‘चालू’ केली.
चाचणीचं पान बघायला सगळे वाकले.

चाचणीचं पान आलं नाही.
आले ते सात महिने रांगेत उभे असलेले कागद,
रांग न मोडता, एकामागून एक.
शाजीचं मार्चमधलं तिकीट.
खेडच्या हसनमियाँ परकारांचा रक्ताचा रिपोर्ट,
ज्याची साखर एव्हाना आणखी वाढली असेल.
माझंही मराठीतलं काहीतरी: नुसते चौकोन.
मोजले तर एकशे बारा.
काय लिहिलं होतं, चौकोनांकडे बघून आठवलं नाही.

आणि एकच पान चारदा,
चारदा बटण दाबलं होतं म्हणून.
मोकसेद अलीचा रजेचा अर्ज, डिसेंबरचा.
जानेवारीत थोरलीचं लग्न. पंधरा दिवस मिळावेत.
हातचं लिहिलेलं ऑफिसला चालत नाही.
लग्न त्याने वरच्या बंकवर पाहिलं होतं,
फोनला चार्जर लावून,
पाहुण्यांना हात हलवत.

आम्ही गप्प. मोटर तेवढी घरघरत होती.
मोकसेदने चारही पानं उचलली,
मांडीवर आपटून काठ जुळवले,
उलटी करून ट्यूबलाइटपुढे धरली.
"पीछे खाली है," तो म्हणाला.
"इसी पे निकालो. नया. नवंबर का."
कारण काय घालू?
तो जरा लाजला. "नाती होगा. या नातिन.
लिखो, देखना है."

मी लिहिलं. तारीख दोनदा तपासली.
मग ट्रेपुढे अडलो:
छापील बाजू वर ठेवायची की खाली?
कुणालाच माहीत नव्हतं.
चार पानं आहेत, मोकसेद म्हणाला,
तीनदा चुकता येईल.